तक्त्यातले चार अंश

जळगाव,
सोमवार, २ मे १९९४

श्रीयुत चुडामणभाऊ व्याही यांना तोताराम फालक याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे या उन्हात आणि या कमरेने जेवढं वाकता येतं तेवढा.) विहीणबाईंना आमच्या सौ.चा व माझा नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, आणि चि. छायाला एवढंच सांगा की आईने विचारलं आहे, पायांवर सूज आहे का. तुमचा दमा, विहीणबाईंचा गुडघा आणि गच्चीवरच्या कुंडीतला तुमचा अळू, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा, आणि हातात लाल पेन असेल तर ते आधी खाली ठेवा. तुम्ही पस्तीस वर्षं नाशकात पोरांना विज्ञान शिकवलंत आणि या पत्रात विज्ञानाच्या पुष्कळ चुका आहेत. त्यातली एक मी जाणूनबुजून केलेली आहे. ती कबूल करायलाच हा कागद घेतला.

आनंदाची बातमी पहिली. एसी चालू आहे, वारा देतो आहे आणि खोली गार होते आहे. दुसरी बातमी अशी की मधले आठ दिवस तो वारा देत नव्हता, आणि त्या आठ दिवसांत मी तुम्हाला तपमानाचे जे आकडे कळवले ते थर्मामीटरने दाखवलेलेच होते, पण खोलीचे नव्हते. मागच्या बुधवारी मी चौकातल्या एसटीडी बूथवरून बोललो तेव्हा तुम्ही विचारलंत, एसी कसा आहे, आणि मी म्हणालो, बर्फासारखा गार. तेही खोटं नव्हतं. त्याच्या पोटात खरोखरच बर्फ धरला होता. बाहेर मात्र मेणबत्ती विझेल एवढीसुद्धा हवा येत नव्हती. (मेणबत्ती धरून पाहिली होती.)

हा एसी आमच्या घरी का आला हे तुम्हाला सांगायला नको, पण एकदा कागदावर लिहून टाकतो म्हणजे मला बरं वाटेल. दोन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, छाया माहेरी आली, तेव्हा चौथा महिना होता, पारा सेहेचाळीसवर होता, आणि मीच हट्ट धरला होता की आखाजीला लेक घरी नाही तर निंबाला झोका कोणासाठी बांधायचा. त्या आखाजीला आपल्या दोन्ही घरांचं काय गेलं ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले की उन्हानेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. मी मात्र तेव्हापासून आमच्या उन्हाला माफ केलेलं नाही, आणि तोताराम फालकालाही नाही. म्हणून यंदा सातवा लागल्याचं तुमचं पत्र आलं तेव्हा ठरवून टाकलं, की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर माहेर आधी गार केलं पाहिजे.

आमचा कापडवाला मित्र सुभाषचंद (छायाच्या लग्नात पंगतीत आग्रह करकरून तुम्हाला आजारी पाडलं तो) याने दुकानात नवा मोठा एसी बसवला आणि जुना माझ्याकडे हातगाडीवर घालून पाठवला. बेटी तुझी तशी माझी, एवढंच म्हणाला. पाडव्याला खिडकीची चौकट तोडून तो बसवला. सौ.ने त्याच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. गल्लीतला पहिलाच एसी, त्यामुळे त्या दिवशी शेजारीपाजारी सगळे पाय पोटाशी घेऊन खोलीत बसले होते आणि कोणी उठायचं नाव घेत नव्हतं. शेवटी सौ.ला मी डोळ्यांनी खुणावलं आणि तिने सगळ्यांना नारळ वाटून वाटेला लावलं. मग मी खोलीला कुलूप लावलं. किल्ली देवाच्या फोटोमागे. सकाळी अकरा ते दुपारी चार एसी लावायचा, नोंद करायची आणि पुन्हा कुलूप. छाया येईपर्यंत त्या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही, असा माझा हुकूम होता. (आमच्या घरात माझा हुकूम कितपत चालतो ते पुढे येईलच.)

नोंद म्हणजे तुमचीच. तुम्ही जावईबापूंच्या हाती थर्मामीटर पाठवलात आणि बरोबर पट्टीने आखलेला तक्ता: बारा, दोन, चार. पंधरा दिवसांचे आकडे पाहून सूनबाईंना आखाजीला पाठवायचं की नाही ते ठरवू, असं खाली लिहिलेलं. सौ. चिडली. व्याह्यांनी आपलं प्रगतिपुस्तक मागवलं म्हणाली. मला राग आला नाही, भाऊ. मी थर्मामीटर पलंगाच्या उशाशी, छायाचं डोकं जिथे येईल तिथे, खिळा ठोकून टांगला. पहिले सहा दिवस सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. हे सगळे आकडे खरे आहेत. त्यांच्याखाली सही करताना मला तिमाहीत पहिला आल्यासारखं वाटायचं.

सातव्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला चोपड्याला गेलो. दोन दिवस राहिलो. परत आलो, खोली उघडली, एसी लावला. आवाज आला, दिवा लागला, हवा नाही. जाळीला हात लावला तर हात बधिर व्हावा इतकी गार, आणि हातभर अंतरावर तीच आपली जळगावची हवा. तुम्हाला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होतो. मशीन नुसतं कण्हलं तरी कुठे दुखतं ते मला कळायचं. तेव्हा मी मेकॅनिकला न बोलावता स्वतःच तपासणी सुरू केली. आधी स्टॅबिलायझर पाहिला. मग प्लग बदलला, मग वायर बदलली, मग पुन्हा जुनी वायर लावली. वाऱ्याच्या पात्या डावीकडे केल्या, उजवीकडे केल्या, वर केल्या. एसी बंद करून तासभर विश्रांती दिली (माणसाला देतात तशी), तर खालून पाणी गळायला लागलं. सौ. म्हणाली, घाम आला असेल त्याला. मी म्हणालो, गॅस गेला असेल. गॅस म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण सुभाषचंदच्या तोंडी हा शब्द दोनदा ऐकला होता.

दोन दिवसांनी झुलाल मिस्त्रीला बोलावलं. झुलाल शिंदखेड्याकडचा, पण वीस वर्षं भुसावळला राहून फ्रीज दुरुस्त करतो. आता फ्रीजवाल्याची रीत अशी, की वस्तू नेहमी मागून बघायची, कारण फ्रीजचं सगळं आजारपण पाठीत असतं. त्याने समोरच्या स्वस्तिकाला हात जोडले आणि थेट बाहेर गेला. भर दुपारी शिडी लावून एसीच्या पाठीशी दीड तास होता. पारव्याचं घरटं काढलं, सगळे स्क्रू उघडले, सगळे पुन्हा बसवले, आणि उतरून दोन तांबे पाणी पिऊन म्हणाला, “भाऊ, मांगे बठ्ठं चांगलं शे.” मग मागे सगळं चांगलं आहे तर पुढे हवा का येत नाही? यावर तो म्हणाला, मशीनला दुकानाची सवय आहे, घराची सवय व्हायला वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि पुन्हा मागेच चढला. समोरचं झाकण उघडायचं त्याच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. तिथे स्वस्तिक होतं, सुकलेला का होईना पण हार होता. देवाच्या तोंडात कोण हात घालतो?

इकडे तक्त्याचे रकाने भरायचे होते. पहिल्या दिवशी मी खरा आकडा घ्यायला गेलो. थर्मामीटर म्हणाला एकोणचाळीस. मी पेन उघडलं, मिटलं. आखाजी तेरा तारखेला. एकोणचाळीस लिहिले तर छाया येत नाही. मग मी थर्मामीटर खिळ्यावरून काढला आणि जाळीला टेकवून धरला. पारा जो सुटला तो चारावर जाऊन थांबला. मी चार लिहिले. दोन वाजता चार, चार वाजता चार. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला भर एप्रिलात जळगावात चार अंश कळवणारा मी पहिलाच असेन. त्यावर तुमचं कार्ड आलं, की तपमान अपेक्षेपेक्षा कमी दिसते, सूनबाईंसोबत स्वेटर द्यावा काय? ते कार्ड वाचून सौ. हसली आणि मी अंथरुणावर पडून राहिलो. तुम्ही चेष्टा करता आहात की खरंच विचारता आहात, हे मला अजून कळलेलं नाही. आणि खरंच विचारत असाल, या कल्पनेनेच मला जास्त लाज वाटली.

शेवटी शनिवारी सकाळी बेबाबाई आली. ही आमच्याकडे धुणीभांडी करते, यंत्राशी तिचा संबंध नाही. मी कुलूप उघडून एसीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो, ती फरशी पुसत होती. पुसता पुसता वर बघून म्हणाली, “भाऊ, याना नाकमा कापूस शे!” मी दचकलोच. नाकात कापूस कोणाच्या घालतात ते काय सांगायचं? तिने ओल्या हाताने जाळीच्या फटीतून एक पांढरा पुंजका धरला आणि ओढला. तो येत राहिला. वीतभर आला, हातभर आला. मग मी स्वस्तिकाची क्षमा मागून झाकण उघडलं. आत एक जाळीची चौकट असते, भाऊ, हवा गाळायची. ती बाहेर काढली तर जाळी दिसतच नव्हती, अख्ख्या चौकटीवर रुईचा जाड थर. उशी म्हणून डोक्याखाली घेता आला असता. तिच्यामागे बर्फाची लादी. हवा बिचारी येणार कुठून?

रुई पाहताच मी बोटांनी ओढून पाहिली (हात आपोआप जातो, एकतीस वर्षांची खोड). लांब धागा, स्वच्छ, किडक्या बोंडाची एक कवडी नाही. ही रुई मी ओळखत होतो. ती मीच आणली होती. छायाच्या बाळाच्या गादीसाठी जिनिंगमधल्या जुन्या सोबत्यांकडून निवडून निवडून पोतंभर आणून माळ्यावर ठेवली होती. मी सौ.कडे पाहिलं. सौ.ने बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाईने बादली उचलली आणि ती अंगणात गेली.

झालं होतं असं. मी चोपड्याला गेलो त्या दिवशी आमचा नेहमीचा पिंजारीचाचा गल्लीत आला. बाळाची गादी, दुपट्यात भरायचा थर, बाळंतिणीची उशी, एवढं सगळं पिंजायचं. अंगणात पिंजावं तर लू सुटलेली, रुई शेजारच्या दोन घरांत वाटली गेली असती. घरात पिंजावं तर पंखा बंद ठेवावा लागतो, आणि पंख्याशिवाय तो म्हातारा उकडून गेला असता. सौ.ने डोकं चालवलं. पंखा नाही, दारंखिडक्या बंद, आणि तरी गारवा, अशी घरात एकच खोली होती. किल्ली कुठे असते ते तिला माझ्याआधी माहीत. एसी लावला, दार ओढून घेतलं, आणि दिवसभर चाचाची धनुकली त्या खोलीत टणटणत होती. रुई काही खाली बसली, काही उडाली, आणि उडाली ती एसीने निमूटपणे आत ओढून घेतली. संध्याकाळी सौ.ने आणि बेबाबाईने खोली अशी झाडली की एक तंतू दिसू नये. खाली. वर कोणी पाहिलं नाही. मी परत आलो तेव्हा पलंगावर हातभर लांबीची नवी गादी होती आणि मी ती दाबून म्हणालो होतो, वा, मऊ झाली. माळ्यावरचं पोतं रिकामं दिसलं होतं. जन्मभर रुई ओळखण्याचा पगार खाल्लेल्या माणसाला दोन्ही गोष्टी दिसल्या, आणि मी स्टॅबिलायझर तपासत बसलो.

मी रागवायला तोंड उघडलं, पण सौ.च आधी बोलली. “आठ दिवस झाले, रोज वाटे सांगावं तुमाले. मंग म्हनलं, माझ्यामुळं पोरगी यायची राहिली तं?” एवढं म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आता यावर माणूस काय रागावणार, सांगा. आठ दिवस तिने मला फसवलं, आठ दिवस मी तुम्हाला फसवलं, आणि दोघांनाही भीती एकच. मी ती जाळी नळाखाली धुतली, बर्फ वितळू दिला, चौकट बसवली, बटण दाबलं. असा वारा सुटला की स्वस्तिकावरचा हार उडून माझ्या गळ्याशी आला. झुलालला निरोप धाडला आहे की मशीनला आता घराची सवय झाली.

तेव्हा, भाऊ, सोबत तक्ता नव्याने लिहून पाठवतो आहे. पहिले सहा दिवस तेच, मधल्या आठ दिवसांतले चारचे आकडे खोडले आहेत (खोडलेले दिसावेत असे खोडले आहेत), आणि शनिवार-रविवारचे खरे लिहिले आहेत. यंत्राचा दोष संपला. माणसाचा दोष तुमच्यासमोर मांडला आहे, गुण किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. विहीणबाईंना गुडघ्याला एरंडेल लावायला सांगा. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि आमच्यावर माया आहे तशी राहू द्या.

तुमचा,
तोताराम

ता. क. तक्त्यात शनिवार-रविवारी बारासमोर सव्वीस आहे आणि दोन व चार यांचे रकाने कोरे आहेत, हे तुम्ही पाहिलंच असेल. आमच्याकडे शनिवारपासून दुपारी दीडला लाईट जाते ती पाचला येते. एसी आहे, वारा आहे, बर्फ नाही, वीज नाही. शनिवारी लाईट गेल्यावर मी खोलीतच बसलो, दार लावून, थर्मामीटर समोर धरून. दोन वाजता एकोणतीस होतं. तीनला चौतीस, चारला अडतीस. सगळं पत्र लिहून झाल्यावर हे तळाला लिहितो आहे, कारण वर लिहायचा धीर झाला नाही. त्या खोलीत बसून मला दोन वर्षांपूर्वीचे तुम्ही आठवलात. बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी आलात. मी दारात उभा होतो, तुम्ही बोलाल ते ऐकून घ्यायचं ठरवून. तुम्ही फक्त पाणी मागितलंत, आणि तांब्या परत देताना माझा हात जरा वेळ धरून ठेवलात. त्यानंतर आजपर्यंत त्या विषयावर एक अक्षर काढलं नाहीत, नुसता थर्मामीटर पाठवलात. तो कशासाठी पाठवलात ते मला शनिवारी चार वाजता नीट कळलं.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट ही, आणि एवढ्यासाठीच हे सगळं. छायाला पाठवू नका. लेकीच्या सासरी आईबापांनी मुक्काम करायचा नसतो, आमच्या आईने तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी विचारतो. आमच्या सौ.ला बाळंतपण होईपर्यंत तुमच्या घरी ठेवून घ्याल का? स्वयंपाकघरात विहीणबाईंच्या हाताखाली राहील, मधे बोलणार नाही (हे तिनेच लिहायला सांगितलं आहे, खात्री मी देत नाही). मी तेरा तारखेला तिला सोडायला येईन, गादी, उशी आणि कैऱ्या घेऊन. आखाजीला लेक माहेरी यायची. यंदा माहेर लेकीकडे येईल, तुम्ही दार उघडलंत तर. मी लगेच परत फिरेन. राहा म्हणालात तर फार ताणणार नाही.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा, पाकीट चिकटवायचं थांबवून लिहितो. तुमच्या हॉलच्या छताला हूक आहे का? झोका यंदा नको, पण पाळण्याचा दोर मी इथूनच आणतो आहे. हुकाला किती वजन पेलतं ते स्वतः मोजून उलट टपाली कळवा. आकडा मात्र खरा लिहा.